लायबेरियात बंदुका कमी, माणसं जास्त का भरली?

यादवी थांबल्यावर 7 डिसेंबर 2003 ला संयुक्त राष्ट्रांनी राजधानी मन्रोव्हियाजवळच्या शेफलिन छावणीत शस्त्रं गोळा करायला घेतली. तयारी हजारभर लोकांची, आले कित्येक हजार. दंगल पेटली आणि मोहीम एप्रिल 2004 पर्यंत रखडली.

खरी मेख निकषात होती. एक बंदूक किंवा 150 काडतुसं द्या, दोन हप्त्यांत 300 डॉलर घ्या. काडतुसं वाटून देता येतात, मग 'लढवय्ये' वाढणारच! लाखावर लोकांची नोंद झाली, शस्त्रं आली जेमतेम 28 हजार. बायका-मुलांना शस्त्राची अट नव्हती, ते मात्र अगदी योग्य.

अशा मोहिमेत एके-47 हाती आली की आधी मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढावं, चेंबर (नळीच्या मागची, काडतूस बसायची जागा) रिकामं आहे ना ते डोळ्यांनी पाहावं, क्रमांक नोंदवावा आणि तिथंच निकामी करावी. नुसती गोदामात टाकली तर तिला पाय फुटतात.