मॅडम, तुम्ही शाळेच्या गावातच का राहत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. विचारणारे सगळेच असतात. लग्नात भेटलेले नातेवाईक, बसमध्ये बाजूला बसलेले काका, डी.एड.च्या मैत्रिणी, आणि 2022 मध्ये विधानसभेत शिक्षक शाळेच्या गावात न राहता घरभाडं भत्ता घेतात असा विषय निघाला तेव्हापासून तर दळण आणायला गेले तरी कोणी ना कोणी म्हणतंच, "घरभाडं उचलता ना, मग अपडाऊन काहून करता?" विचारायची पद्धतच अशी की उत्तर त्यांच्याकडे तयार असतं, मॅडमला खेड्यात राहायला नको वाटतं. आजवर मी हसून सोडून दिलं, आता नीट सांगते.

आमचं घर यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याला, तिथून माझी शाळा 31 किलोमीटर. मोबाईलचा नकाशा पाऊण तास दाखवतो. हायवेचा तुकडा नागपूर-हैदराबाद 44 नंबरचा, तो स्कूटीनं वीस मिनिटांत होतो, त्याबद्दल तक्रार नाही. खरा वेळ जातो फाट्यापासून आत. डांबर उखडलेलं, गिट्टी वर आलेली, त्यामुळे एकूण सव्वा तास धरायचा, तोही कोरड्या दिवसात. बसनं आलं तर फाट्यावर उतरून ऑटो भरायची वाट पाहायची, तो दहा जण झाल्याशिवाय हलत नाही, म्हणजे दोन तास गेलेच. 2023 च्या मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, त्याचा मला खरंच फायदा झाला, पण अर्धं तिकीट लागायला गावात बस तर आली पाहिजे. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मडगार्डमध्ये असा बसतो की चाकच फिरत नाही, काडीनं खरवडत बसावं लागतं, आणि नाल्याच्या रपट्यावरून पाणी असलं की अलीकडेच थांबायचं. एप्रिलात सकाळची शाळा, साताची, म्हणजे साडेपाचला घर सोडायचं. दुपारी परत येताना ऊन काय असतं ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको.

आणि मी गावात राहिलेच नाही असं नाही, हे कोणी विचारत नाही म्हणून आधी सांगते. 2018 च्या ऑनलाइन बदल्यांत मी विस्थापित झाले, म्हणजे माझी जागा दुसऱ्या शिक्षकाला गेली, आणि रँडम राउंडला, म्हणजे उरलेल्या जागांतून, हे गाव मिळालं. तेव्हा मीच घरी सांगितलं होतं की रूम करते, शनिवारी घरी येत जाईन. केली पण. पोलीस पाटलांच्या वाड्यातली मागची खोली, माणसं इतकी चांगली की दुधाचे पैसे घेत नव्हती. पण ते वर्ष आमच्या भागात वाघिणीचं होतं. टी-वन, पेपरात जिला अवनी म्हणत. राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात तेरा माणसांचे मृत्यू तिच्या नावावर सांगितले जात होते. दिवस कलला की वावरातून सगळे परत, कापूस फुटून राहिला तरी वेचायला बाया तयार होत नव्हत्या, आणि संडासला सुद्धा चार जणींनी मिळून काठ्या घेऊन जायचं. 2 नोव्हेंबरला तिला गोळी घातली. त्यानंतर लोक म्हणाले आता राहा ना बिनधास्त. पण तोवर घरी सासूबाईंचं अंथरूण लागलं होतं, मिस्टरांची दुकानातली नोकरी रात्री नऊपर्यंत, आणि मुलगी पहिलीत. मी रूम सोडली.

मुलगी कॉन्व्हेंटमध्ये जाते. पुढचा प्रश्न तोच असतो म्हणून सांगून टाकते. हो, जिल्हा परिषदेत शिकवते आणि माझी मुलगी कॉन्व्हेंटला. तिला सकाळी माझ्यासोबत 31 किलोमीटर आणावं आणि न्यावं असं मला वाटलं नाही. याच्यावर तुम्हाला जे म्हणायचं ते म्हणा.

आता 26 जानेवारीचं सांगते, 2023 ची. ग्रामविकास खात्याचा 2019 चा जीआर आहे, मुख्यालयी, म्हणजे नोकरीच्या गावी, राहतो असा ग्रामसभेचा ठराव जोडा तर घरभाडं. वरून त्या वर्षी कडक सूचना आल्या. झेंडावंदन झालं, लेकरांची भाषणं झाली, बुंदी वाटली, आणि शाळेच्याच व्हरांड्यात ग्रामसभा बसली. शाळेतले आम्ही दोघंच शिक्षक, सर आणि मी, आमचे दोघांचे अर्ज विषयपत्रिकेवर. सरांचा आधी आला, सरपंच म्हणाले मंजूर, चार जणांनी हात वर केले, झालं. कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं, उलट आपल्या मास्तरचे पैसे कशाला अडवायचे असाच सगळ्यांचा भाव. मग माझा. माझ्यासमोर माझीच लेकरं सतरंजीच्या कडेला बसलेली, हातात बुंदीचे कागद, आणि त्यांना मी त्याच आठवड्यात खरं बोलण्यावर परिच्छेद लिहायला दिला होता. मी उभी राहिले आणि म्हटलं की मी इथे राहत नाही, साडेदहा ते पाच असते, तेवढंच लिहा.

सगळे गप्प. ग्रामसेवक भाऊ, जे स्वतः तालुक्याहून येतात, हळूच म्हणाले, "मॅडम, असा ठराव नसते. एक तं राहते, नाही तं राहत नाही." सर माझ्याकडे पाहत नव्हते, त्यांना वाटलं मी त्यांच्यावर बोट ठेवलं. मला ते करायचं नव्हतं, त्यांची गरज माझ्यापेक्षा मोठी आहे हे मला माहीत आहे. तेवढ्यात मागून चौथीतल्या एका मुलीची आजी बोलली, कोलाम पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची. तिनं घरभाड्याचं नावच काढलं नाही. म्हणाली, "मॅडम, तुमी पाचाले जाता थे आमाले माईत हाय. पन पोट्टी सांजेले पुस्तक काढते, तवा तिचं अडलं त तिनं कोनाले इचाराव?"

तिच्या घरात वाचता येणारं ती मुलगीच. मी म्हटलं फोन करत जा. तर पोरंच म्हणाली, मॅडम, पोडावर रेंज नाही, टाकीजवळ येते. सांजेला टाकीजवळ कोण आठ-नऊ वर्षांच्या पोरीला पाठवेल? मी बसून घेतलं. विषय पुढच्या सभेवर गेला.

घरभाडं थांबलं, मग संघटनेनं निवेदनं दिली, बऱ्याच जणांचं सुरू झालं, त्यात माझंही. मी घेते. पांढरकवड्याच्या घराचं भाडं आणि शंभरीपार पेट्रोल मला त्यातूनच भागवायचं असतं.

पण मला खरंच राग येतो तो एका गोष्टीचा. अपडाऊन फक्त मास्तरच करतात का? आमच्या शाळेत चौथीपर्यंत वर्ग. पाचवीपासून हीच लेकरं दुसऱ्या गावी जातात, मुलींना सरकारच्या मानव विकास योजनेची निळी बस आहे म्हणून मुली तरी जातात. कोरोनानंतर 1 डिसेंबर 2021 ला आमचे खेड्यातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले तेव्हा एसटीचा संप चालू होता, तो एप्रिलपर्यंत चालला, आणि माझ्या आदल्या वर्षीच्या दोन मुलींची शाळा त्यात सुटली ती सुटलीच. एक आता निंदणाला जाते. तीही रोज ऑटोत कोंबून दुसऱ्या गावच्या वावरात जाते आणि येते, तिला कोणी विचारत नाही की बाई तू इतकं येणं-जाणं का करते. रस्ता, बस, दवाखाना हे गावात आणायचं कोणाचं काम आहे ते सोडून सगळा हिशोब माझ्या स्कूटीवर येतो.

हे मी तावातावानं बोलते आणि मग ती आजी आठवते. तिच्या प्रश्नाला रस्त्याचं उत्तर लागू पडत नाही. रस्ता गुळगुळीत झाला तर मी लवकर घरी पोचेन, सांजेला गावात मी नसणारच. 2018 मधली मी असती तर म्हणाली असती, राहा ना मग चार दिवस, पूर्वीच्या बाया राहत होत्या. तिला मी सांगते की पूर्वीच्या बायांच्या सासूला रात्री कोण उठवत होतं ते पण विचार. ती ऐकत नाही.

सध्या एवढं केलं आहे की सुट्टी झाल्यावर पोडावरच्या लेकरांना थांबवून गृहपाठ तिथेच करून घेते. तेवढ्यानं मला अंधार होतो, हिवाळ्यात तर फाट्यापर्यंत यायलाच सात वाजतात, आणि घरी बोलणी बसतात. बदलीचं पोर्टल उघडलं तेव्हा मी पात्र होते, फॉर्म भरला नाही. मिस्टरांनी विचारलं का नाही भरला, मला नीट सांगता आलं नाही. ते म्हणाले एक तर तिथे राहा, नाही तर बदली घे, हे मधलं किती दिवस चालणार. त्यांचं चूक नाही.