सतरा पर्श जमीन आणि लंडनचं शेवटचं कोर्ट – माझा अनुभव

खूप दिवस लिहायचं म्हणत होते, राहूनच जात होतं. चिपळूणहून कोणाचाही फोन आला की एकच प्रश्न, अगं मॉरिशस 1968 ला स्वतंत्र झालं, 1992 ला प्रजासत्ताक पण झालं, मग तुमची जमिनीची केस लंडनला कशी काय गेली? लग्न होऊन इथे मॉरिशसमध्ये, वाक्वा गावाला आले तेव्हा मलाही हे माहीत नव्हतं. पण खरंच असं आहे, मॉरिशसचं शेवटचं कोर्ट आजही लंडनमध्येच आहे, प्रिव्ही कौन्सिलची ज्युडिशियल कमिटी, म्हणजे ब्रिटनच्या राजाच्या सल्लागार मंडळाची न्यायसमिती. इथल्या राज्यघटनेतच तसं लिहिलंय.

आमची जमीन म्हणजे सतरा पर्श, आपल्या हिशोबात जेमतेम सात गुंठे. इथे जमीन अजून अर्पां आणि पर्शमध्येच मोजतात. नवऱ्याचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यावर मजूर म्हणून आले, पुढे त्यांच्या नातवाने पैपै साठवून हा तुकडा घेतला. माझ्या सासऱ्यांनी त्यांच्या चुलत भावाच्या मुलाला, म्हणजे माझ्या नात्यातल्या दिरांना, तिथे भाजी लावायला दिली होती, कागद बिगद काही नाही, घरच्या घरी काय कागद करायचा. त्यांनी भाजी लावली, लिचीचं झाड लावलं, शेड घातली. सासरे गेले आणि काही वर्षांनी भाऊजींनी दावा लावला की तीस वर्षं माझा ताबा आहे, जमीन माझी.

इथे जमिनीला फ्रेंच काळापासूनचा कोड सिव्हिल, म्हणजे दिवाणी कायदा, लागतो. तीस वर्षं मालक म्हणून, उघडपणे, शांतपणे, न थांबता ताबा असेल तर जमीन तुमची होते. पण कोणाच्या परवानगीने, कोणी आपलं म्हणून चालवून घेतलं म्हणून बसला असाल तर ती वर्षं मोजत नाहीत. सगळी केस ह्या एका गोष्टीवर होती, भाऊजी तिथे मालक म्हणून होते की काकांनी दिलं म्हणून. खालच्या कोर्टात आम्ही जिंकलो, अपिलातही जिंकलो, मला वाटलं संपलं एकदाचं. सासूबाईंनी गणपतीला एकवीस मोदक पण केले.

आणि मग वकिलांचा फोन, ते लंडनला जातायत.

मी विचारलं, एवढ्याशा जमिनीसाठी परवानगी देतील का? तर कळलं की परवानगी नाकारायचा प्रश्नच नाही. घटनेत लिहिलंय की दिवाणी केसमध्ये वादाची किंमत दहा हजार रुपये किंवा जास्त असेल तर शेवटच्या निकालाविरुद्ध तिकडे जायचा हक्कच आहे. तो आकडा 1968 चा आहे, तेव्हा तो मोठा असेल, आज दहा हजार मॉरिशस रुपयांत काय येतं, त्यामुळे कुठलीही जमीन त्यात बसते. निकालापासून 21 दिवसांत त्यांनी इथल्या सुप्रीम कोर्टात अर्ज टाकला, खर्चापोटी जामीन भरला आणि अपील सुरू झालं. आम्ही जिंकलेले असून आम्हालाच परत वकील लावायचे. इथला अ‍ॅटर्नी, इथला बॅरिस्टर आणि वर लंडनला कागद दाखल करायला तिकडचे सॉलिसिटर. मुलाच्या शिक्षणाची एफडी मोडली. हे सहज लिहितेय पण त्या रात्री आम्ही दोघंही झोपलो नाही.

पहिले कित्येक महिने नुसते कागद. खालच्या कोर्टात साक्षी क्रेओलमध्ये, म्हणजे इथल्या बोलीत झाल्या, त्या लिहिल्या गेल्या इंग्लिशमध्ये, आणि खरेदीखत फ्रेंचमध्ये, नोटरीच्या हस्ताक्षरातलं. तेच खरेदीखत फाईलमध्ये अर्धवट निघालं, शेवटचं पान कुठल्यातरी ऑफिसमध्ये फोटोकॉपी करताना गळलेलं आणि अकरा वर्षं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी स्वतः राजधानीत, पोर्ट लुईला रजिस्ट्रार जनरलच्या ऑफिसात तीन चकरा मारल्या. तिसऱ्या वेळी तिथल्या बाईंनी व्हॉल्यूम काढून समोर ठेवला, पिवळं पडलेलं पान, खाली आजेसासऱ्यांचा अंगठा, आणि त्याच्या बाजूला साक्षीदार म्हणून त्यांच्या भावाचा अंगठा, म्हणजे भाऊजींच्या आजोबांचा. दोघांचे अंगठे बोटभर अंतरावर. मी तिथे उभी राहून रडले.

ज्यांची केस तिकडे जाणार आहे त्यांच्यासाठी सांगते, सगळ्यात अवघड भाग सुनावणी नाही, स्टेटमेंट ऑफ फॅक्ट्स अँड इश्यूज आहे. दोन्ही बाजूंनी मिळून एकच कागद द्यायचा असतो, काय घडलं आणि नक्की कशावर भांडण आहे ते, आणि तो दोघांनाही मान्य व्हावा लागतो. मसुदा चार महिने इकडून तिकडे फिरत होता. आम्ही लिहायचो ‘परवानगीने’, ते खोडायचे, ते लिहायचे ‘ताबा’, आम्ही खोडायचो, शेवटी ‘भाजी लावत असत’ एवढ्यावर जमलं. पण त्या कागदाचे पहिले सहा परिच्छेद काहीही खाडाखोड न होता मान्य झाले. आजोबांनी जमीन कधी घेतली, किती पर्श, चार दिशांना कोण, बोर्न म्हणजे हद्दीचे दगड कुठे, सासऱ्यांनी भाऊजींना लहानपणापासून घरात वाढवलं हेसुद्धा. नवऱ्याने ते सहा परिच्छेद दोनदा वाचले आणि म्हणाला, अकरा वर्षांत दादाने आणि मी पहिल्यांदा एका कागदावर हो म्हटलंय.

आमच्या बॅरिस्टरांनी एक गोष्ट आधीच सांगितली होती. दोन कोर्टांनी एकच वस्तुस्थिती मान्य केली असेल तर प्रिव्ही कौन्सिल सहसा त्यात हात घालत नाही, फारच मोठी चूक असेल तरच. ह्यासाठी ज्या निकालाचा दाखला देतात तो 1946 चा आहे आणि आपल्याकडचाच, भावालचा संन्यासी! तोच बंगालमधला कुमार, मेला म्हणून सगळे समजत होते आणि बऱ्याच वर्षांनी साधू होऊन परत आला. बाबांना फोनवर हे सांगितलं तर ते म्हणाले अगं आपल्या टिळकांचा ताई महाराज खटला, तो दत्तकाच्या वादाचा, पण तिथेच संपला, 1901 ला दत्तक झालं आणि निकाल 1915 ला, तिकडूनच. 1949 च्या ऑक्टोबरपर्यंत आपली शेवटची अपिलं तिकडे जायची. मला माहीतच नव्हतं. रत्नागिरी जिल्ह्यात वाढलेली मी, टिळकांच्या गावाशेजारची, आणि हे वाक्वाला बसून कळलं.

सुनावणीला मी एकटीच गेले, बहीण लंडनजवळ स्लाऊला असते म्हणून राहायची सोय होती. पार्लमेंट स्क्वेअरच्या कडेला मिडलसेक्स गिल्डहॉल, 2009 पासून ब्रिटनचं सुप्रीम कोर्ट आणि प्रिव्ही कौन्सिल दोन्ही तिथेच बसतात. समोरच्या चौकात गांधीजींचा पुतळा आहे, आत जायच्या आधी तिथे दोन मिनिटं उभी राहिले. कोणीही आत जाऊ शकतं, तिकीट नाही पास नाही, फक्त बॅग तपासतात. कोर्ट क्रमांक तीन. मी मनात विग, झगे, उंच खुर्च्या असं काहीतरी धरून गेले होते तर पाचही न्यायाधीश साध्या कोट टायमध्ये आले, वाकून नमस्कार केला आणि बसले. आणि त्यांच्या मागे आमचा झेंडा, लाल निळा पिवळा हिरवा. तो बघून घशात काहीतरी आलं.

तिकडे घरी दुपारचे अडीच वाजले होते, सुनावणी लाईव्ह दिसते त्यामुळे सासूबाई लॅपटॉपसमोर बसलेल्या. त्यांना इंग्लिश फार येत नाही, नवरा क्रेओलमध्ये सांगत होता. भाऊजींच्या वकिलांनी दीड तास मांडलं, चांगलं मांडलं, मला तर मध्येच वाटलं हरतो आता. मग एका न्यायाधीशांनी शांतपणे विचारलं, त्या शेवटच्या पानावर साक्षीदार म्हणून कोण आहे? हजारो मैलांवरच्या माणसाने, ज्याने आमचं गाव कधी बघितलं नसेल, ते पान वाचलं होतं. केसचा निकाल काही त्या अंगठ्यावर ठरणार नव्हता, तरी वाचलं होतं. आमच्या बेटावर सगळे सगळ्यांना ओळखतात, कोण कोणाचा मेहुणा कोण कोणाच्या पार्टीचा, जिंकलेल्यालाही लोक म्हणतात ओळख लावली असेल. त्या खोलीत आमचं कोणी नव्हतं आणि भाऊजींचंही कोणी नव्हतं. मला ते फार मोलाचं वाटलं. त्याची किंमत एफडीएवढी असू नये एवढंच म्हणणं आहे, ज्याच्याकडे एफडीच नाही त्याने काय करायचं?

एका दिवसात संपलं. निकाल काही महिन्यांनी आला, अपील फेटाळलं. जिथे ब्रिटनचा राजाच राष्ट्रप्रमुख आहे अशा देशांच्या केसमध्ये राजाला नम्र सल्ला असं लिहितात, मॉरिशस प्रजासत्ताक आहे म्हणून आमच्यात राजा नाही, बोर्डानेच, म्हणजे त्या न्यायाधीशांनीच फेटाळलं. दोन्ही कोर्टांनी परवानगीचा ताबा मानला होता, त्यात ढवळाढवळ करायचं कारण नाही, इतकं सरळ.

खर्च भाऊजींनी द्यायचा असाही आदेश आहे, सगळा भरून निघत नाही पण बराच. तो हिशोब वकिलांकडे तयार आहे, आमची सही झाली की पुढे जाईल. नवरा म्हणतो पोराची एफडी परत भरायची आहे, मागायलाच हवा. सासूबाई म्हणतात त्या मुलाला मी हाताने भरवलंय, त्याच्याकडून मी पैसे घेणार नाही. दोघांचंही मला पटतं. डिसेंबरात लिची पिकली तेव्हा शेड तशीच होती, कुलूप होतं, किल्ली भाऊजींनी आमच्या पोस्टाच्या पेटीत टाकलेली, चिठ्ठी नाही काही नाही. सासूबाईंनी दोन पिशव्या लिच्या तोडल्या, एक घरी ठेवली आणि दुसरी मला दिली, म्हणाल्या त्याच्या बायकोला नेऊन दे. मी नेऊन दिली. वहिनींनी दार उघडलं, पिशवी घेतली, आत ये म्हणाल्या नाहीत पण पिशवी रिकामी करून परत देताना त्यात घरची मिरची घालून दिली. हिशोबाच्या कागदावर सही अजून झालेली नाही.