तळेवाडीच्या वटवाघळाचं नाव कसं वाचायचं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानात तळेवाडीजवळ बारापेडेच्या गुहा आहेत. तिथल्या वटवाघळाचं शास्त्रीय नाव ओटोमॉप्स रॉटनी. मराठीत कुणी 'व्रॉटन' लिहितं, कुणी 'राउटन'. मूळ इंग्रजी आडनावातला पहिला डब्ल्यू आणि मधले जी-एच उच्चारात येत नाहीत, म्हणून 'रॉटन'च लिहावं.

आर. सी. रॉटन हे मुंबई इलाख्यातले वनाधिकारी, मुंग्यांचे आणि सस्तन प्राण्यांचे जाणकार. पण 'हे वटवाघूळ रॉटननं शोधलं' असं लिहिलंत तर चुकलात. १९१३मध्ये त्याचं वर्णन छापलं ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या ओल्डफील्ड थॉमस यांनी. रॉटन यांचं नाव त्यांनी मानानं दिलं. वर्णन करणारा स्वतःचं नाव देत नाही, त्यामुळे नावातला माणूस आणि नाव ठेवणारा माणूस जवळजवळ नेहमीच वेगळे असतात.

'ओटो' म्हणजे ग्रीकमध्ये कान, आणि ते या प्राण्याला शोभतं. दोन्ही कान भले मोठे, कपाळावर एकमेकांना जोडलेले आणि टोपीच्या झापेसारखे नाकाच्याही पुढे आलेले. अंगावरची लव गडद तपकिरी, खांद्यांवर फिकट पट्टा. शेपूट पडद्याच्या बाहेर मोकळं. हे सगळं फोटोत बघा. दिवसा गुहेत शिरून बॅटरी मारली की झोपलेला थवा उठतो आणि त्याची ताकद फुकट जाते. शिवाय हे अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय जायचंच नाही.

पूर्ण नाव 'ओटोमॉप्स रॉटनी (थॉमस, १९१३)' असं लिहितात. यातला कंस बहुतेक जण शोभेचा समजून गाळतात. थॉमस यांनी आधी हा प्राणी निक्टिनोमस या प्रजातीत (इंग्रजीत 'जीनस', नावातला पहिला शब्द) घातला होता, पुढे प्रजात बदलली, हे तो कंस सांगतो.

आता झुडपी उंदीर घ्या: गोलुंडा एलियटी ग्रे, १८३७. ग्रे हे वर्णन करणारे. इथे कंस नाही, कारण प्रजात पहिल्यापासून तीच. वॉल्टर एलियट धारवाडकडे नोकरीला होते. दक्षिण मराठा मुलखातल्या सस्तन प्राण्यांची त्यांची यादी १८३९मध्ये छापली गेली. या उंदराला कन्नडमध्ये 'गुलांडी' म्हणतात, 'गोलुंडा' त्यावरूनच आलं. एकाच नावात गावातला शब्द आणि साहेबाचं आडनाव! सीमाभागातल्या माणसाला हे नाव आपलंसं वाटावं.

शेवटचा ईकारही नीट बघा. रोमन लिपीत पुरुषाच्या नावाला शेवटी 'आय' लागतो, बाईच्या नावाला 'ए-ई'. वटवाघळाच्या 'रॉटनी'त एकच आय आहे. मुंग्यांचे अभ्यासक फोरेल यांनी १८९०मध्ये पुण्याच्या एका मुंगीलाही रॉटन यांचंच नाव दिलं, तिथे मात्र दोन. मूळ लेखकानं जसं लिहिलं तसंच ठेवायचं, सुधारायचं नाही.

साइक्सच्या चंडोलाचं मात्र वेगळं आहे. कर्नल साइक्स यांनी १८३२मध्ये स्वतःच त्याचं वर्णन केलं, म्हणून शास्त्रीय नावात ते नाहीत. तिथे आहे गॅलेरिडा देवा.