आधी आयएसओ, मग बाकी सगळं (आमची वाटचाल)

सुरुवात धंदा म्हणून झालीच नव्हती. कपाटात डीव्हीडींचं एक चेनवालं पाकीट पडून होतं, त्यात आमचे जुने घरचे व्हिडिओ, आणि नवीन लॅपटॉपला ड्राइव्हच नाही. मग यूएसबीचा एक ड्राइव्ह आणला, आठवडाभर बसून सगळं हार्ड डिस्कवर घेतलं, मग चुलतभावाच्या डिस्क आल्या, मग त्याच्या सासऱ्यांच्या, मग अशा लोकांच्या ज्यांना आम्ही ओळखतही नव्हतो, आणि एक दिवस बायको म्हणाली आता पैसे घ्यायला लाग. झाली फर्म. आज आम्ही तिघं आहोत, मी, बायको आणि एक मुलगा जो आम्हा दोघांपेक्षा हुशार आहे.

पहिल्या वर्षी आम्ही जे केलं ते आठवलं की अजून लाज वाटते. डिस्क टाकायची, थेट छोटी एमपी४ बनवायची, चारेकशे एमबीत सगळं लग्न, कस्टमर खूश, डिस्क परत. मूळ कॉपी आमच्याकडे ठेवायची असते हे डोक्यातच नव्हतं.

मग एकांचा फोन आला, "आमचे बाबा असे थरथरत का चालतायत हो?" त्यांचे वडील गेलेले, त्यांचा चालताबोलता व्हिडिओ एवढा एकच. बघितलं तर चूक आमचीच. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीत सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे चित्रं असतात, पण कॅमेऱ्याच्या शूटिंगमधे बहुतेक वेळा प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या फील्डची असते (एकीत एकाआड एक ओळी, दुसरीत उरलेल्या), म्हणजे खरं तर सेकंदाला ५० फील्ड. जुन्या डब्बा टीव्हीवर ते छान दिसायचं, कॉम्प्युटरवर मात्र हलणाऱ्या गोष्टीला कंगव्यासारख्या रेषा येतात, म्हणून डीइंटरलेस करावं लागतं, म्हणजे फील्डपासून पूर्ण चित्रं बनवावी लागतात. ते आम्ही केलेलं पण फील्डचा क्रम उलटा लावून, त्यामुळे माणूस दोन पावलं पुढे एक पाऊल मागे. त्यांनी डिस्क परत पाठवली, आम्ही ५० फील्डचे ५० फ्रेम करून दिले, बाबा नीट चालले.

पण तीच चूक दुसऱ्या एका घराच्या बावीस डिस्कमधे होती. त्यांना फोन केला तर म्हणाले डिस्क टाकून दिल्या, तुम्ही कॉपी दिलीत ना. यावर काय बोलणार.

तेव्हापासून नियम. आधी अख्ख्या डिस्कची आयएसओ, म्हणजे एका फाइलमधे जशीच्या तशी कॉपी, मग बाकी सगळं. साधी डीव्हीडी ४.७ जीबीची, म्हणजे शंभर डिस्क झाल्या तरी अर्ध्या टीबीच्या आत. एवढ्या जागेसाठी आम्ही कंजूसपणा करत होतो!

आता खराब डिस्कबद्दल, कारण आमचा निम्मा वेळ तिथेच जातो. घरी बर्न केलेल्या डिस्कमधे रंगद्रव्याचा थर असतो, ऊन आणि उष्णतेने तो खराब होतो, ते वरून पुसून जात नाही. डिस्क आतून बाहेर वाचली जाते आणि कडा आधी बिघडतात, म्हणून केक कापेपर्यंत सगळं छान आणि पुढे अडकतं. अशा डिस्कला डीडीरेस्क्यू नावाचं सॉफ्टवेअर लावतो. ते सोपा भाग आधी उचलतं, अडलेलं मागे ठेवतं आणि काय राहिलं त्याचा नकाशा लिहून ठेवतं, त्यामुळे तीच डिस्क नंतर दुसऱ्या ड्राइव्हमधे घालून उरलेले तुकडे मिळवता येतात. आमच्याकडे चार ड्राइव्ह आहेत आणि चौघांचे स्वभाव वेगळे. एक ८ सेंटीमीटरची मिनी डिस्क तीन रात्री चालली होती.

त्या मिनी डिस्कचा अजून एक घोळ. हँडीकॅममधून काढताना लोकांनी फायनलाइझ केलेलंच नसतं, म्हणजे दुसऱ्या मशीनला वाचता यावी म्हणून डिस्क शेवटी बंद करायची ती पायरी राहिलेली असते, मग कॉम्प्युटर म्हणतो डिस्क रिकामी, आणि लोक फेकून देतात. फेकू नका, काही ड्राइव्ह तसली डिस्कही वाचतात, आतला एमपेग-२ व्हिडिओ कच्च्या डेटातून शोधून काढता येतो. हो, आणि मिनी डिस्क ओढून घेणाऱ्या स्लॉटच्या ड्राइव्हमधे घालू नका, अडकते. कसं कळलं ते विचारू नका.

बघण्यासाठी एच.२६४ ची एमपी४ देतो, एच.२६४ म्हणजे व्हिडिओ दाबून छोटा करायची एक पद्धत. घरातल्या टीव्हीवर हे सगळं दाखवायला एक छोटा कॉम्प्युटर सर्व्हर म्हणून असतो. एच.२६५ ने फाइल अजून छोटी होते हे खरंय, पण जुना टीव्ही ती चालवत नाही, मग सर्व्हरला तिथल्या तिथे रूपांतर करत बसावं लागतं आणि घरातला छोटा बॉक्स धापा टाकतो. त्या सर्व्हरवर जेलीफिन नावाचं सॉफ्टवेअर लावून देतो, पण लायब्ररी घरच्या व्हिडिओंची निवडायची, सिनेमांची नाही. सिनेमांची निवडली की ते नावावरून पोस्टर शोधून लावतं, आम्ही एकदा विसरलो तर एका वाढदिवसाला कुठल्याशा थरारपटाचं पोस्टर चिकटलं.

सगळ्यात वेळखाऊ काम मात्र नावं देणं. फाइलवरची तारीख ही बर्न केल्याची, शूटिंगची नाही, त्यात बऱ्याच डिस्क मुळात व्हीएचएसवरून उतरवलेल्या. मग बायको घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला व्हिडिओ कॉल लावते आणि एकेक सीन दाखवून विचारते हे कोण, हे कधीचं. त्यात तास तास जातात, बिलात ते धरत नाही, धरायला हवं खरं तर.

दोन गोष्टी आम्ही करत नाही. विकतच्या सिनेमांच्या कॉपी प्रोटेक्शनवाल्या डिस्क घेत नाही, आणि व्हीसीडीचं ३५२ बाय २८८ चित्र एआयने एचडी करून देत नाही. करून बघितलं होतं, आजीचा चेहरा गुळगुळीत झाला आणि ती आजी राहिलीच नाही.

त्या बावीस डिस्कवाल्यांचा मागच्या महिन्यात परत फोन आला, माळ्यावर अजून एक खोका सापडलाय म्हणे. सध्या टेबलावर तोच आहे, पहिल्या सहा आयएसओ झाल्यात, सातवी अडलीये.