पेशंट कोण, हे पायलटला सांगू नका

नागपूरहून गडचिरोली सरळ रेषेत साधारण 140 किलोमीटर, हेलिकॉप्टरला पस्तीस-चाळीस मिनिटं. हेलिकॉप्टर अँब्युलन्ससाठी फोन आला की पायलटला तीनच गोष्टी कळाव्यात: कुठून उचलायचं, कुठे पोचवायचं, वजन किती. साप चावलेलं पोर आहे की जखमी जवान, हे त्याचं हो-नाही ठरेपर्यंत सांगायचंच नाही. निर्दय वाटतं खरं. पण लहान मूल म्हटलं की दोन किलोमीटरची दृश्यता तीन भासायला लागते. नकाराला मात्र एकच आवाज पुरे. पायलट, डॉक्टर, नर्स यांपैकी कुणीही नको म्हटलं की उड्डाण रद्द. कारण नंतर विचारा.

आता आपल्या उन्हाचा हिशोब. नागपूरचा सोनेगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून हजारेक फुटांवर. त्या उंचीला प्रमाण तापमान 13 अंश. मे महिन्यात पारा 45 वर, म्हणजे 32 अंश जास्त. दर अंशाला 120 फूट धरा, त्यात मूळचे हजार मिळवा: हवा 4,840 फुटांवर असावी तितकी विरळ. चिखलदऱ्याहून उंच, आणि तेही जागेवर उभ्या-उभ्या! अशा हवेत टॉर्क, म्हणजे रोटर फिरवायचा जोर, शिल्लक असतानाच इंजिन तापमानाच्या मर्यादेला टेकतं.

फसगत होते ती शेतात. जमिनीलगत रोटरला खालच्या हवेचा आधार मिळतो, म्हणून विमानतळावर पाच फुटांवर मशीन निवांत तरंगतं. झाडांनी वेढलेल्या वावरातून सरळ वर उठताना तो आधार सुटतो आणि आरपीएम, म्हणजे रोटरचे मिनिटाचे फेरे, पडू लागतात. म्हणून मशीन किती वजन पेलेल याचा तक्ता बघायचा तो आधाराविना तरंगण्याचा, आणि तोही पेशंट चढल्यानंतरच्या वजनाचा, तिथल्या दुपारच्या तापमानाचा. बसत नसेल तर नातेवाईक गाडीने येतील. शंभर लिटर इंधन कमी केलं की 80 किलो वाचतात, हा मोह सगळ्यांनाच होतो. राखीव साठ्याला हात लावायचा नाही.

पावसाळ्यात ढग खाली येतात तसा पायलटही नकळत थोडा खाली, थोडा हळू होत जातो. म्हणून आकडे जमिनीवरच ठरवायचे: नेहमीच्या वेगापेक्षा 30 नॉट (तासाला साधारण 55 किलोमीटर) कमी, किंवा दिवसा 500 फुटांखाली यावं लागलं, की परत. 1954 साली इलिनॉय विद्यापीठात, उपकरणांवर उडायचा सराव नसलेल्या 20 जणांना कृत्रिम ढगात घातलं. ताबा सुटायला सरासरी 178 सेकंद लागले. ढगात शिरलोच तर आधी मशीन समतल, मग दिशा, पॉवर, वेग, आणि सरळ वर. रेडिओ त्यानंतर.

कोराडी-चंद्रपूरच्या बाजूला उच्चदाबाच्या वाहिन्यांचं जाळं आहे. तारा दिसत नाहीत, टॉवर दिसतात. ओलांडायचं ते टॉवरच्या माथ्यावरून.

खाली थांबलेल्यांसाठी: 30 बाय 30 मीटर सपाट जागा, आणि काळ्या मातीवर आधी टँकरने पाणी मारा, नाहीतर शेवटच्या वीस फुटांत धुळीत पायलटला जमीनच दिसत नाही. ताडपत्री, टिनाचे पत्रे दूर हलवा. शेपटीकडे कुणी फिरकायचं नाही. आणि सलाईनची बाटली हात उंचावून धरत धावू नका. रोटर फिरत असताना ती पेशंटच्या छातीवर ठेवा.