सिमल्यातला घाम

यांची बदली सिमल्याला झाली त्या वर्षीच्या नोव्हेंबरची गोष्ट आहे. लक्कड बाजाराच्या तोंडाशी एका चहाच्या टपरीवर मी दोन्ही हातांनी पेला घट्ट धरून कुडकुडत उभी होते, तेवढ्यात टपरीवाल्या नेपाळी काकांनी समोरच्या डोंगराकडे बोट दाखवले आणि अत्यंत समाधानाने म्हटले, “घाम लाग्यो!” मी नकळत कपाळावरून हात फिरवला. कपाळ कोरडे ठणठणीत होते आणि नाक बधिर झाले होते. मागाहून कळले, की नेपाळीत घाम म्हणजे ऊन, आणि ‘घाम लाग्यो’ म्हणजे ऊन पडले. मूळ शब्द संस्कृतातला ‘घर्म’, म्हणजे उष्णता. तो डोंगरात राहिला तेव्हा त्याचा अर्थ ऊन झाला आणि आमच्याकडे उतरला तेव्हा त्याच उन्हाचा परिणाम. शब्दालाही हवा मानवावी लागते.

सिमल्यात आम्ही तीन हिवाळे काढले. जाताना सासरी-माहेरी सगळ्यांनी एकच काळजी व्यक्त केली होती, की त्या थंडीत आणि त्या चढउतारांत संध्याकाळी माणसाने करायचे काय. सिमल्याची करमणूक म्हणजे बर्फ, असे साताऱ्यात बसून आम्हालाही वाटत होते. तिथे गेल्यावर उलगडले, की बर्फ ही पाहुण्यांची करमणूक असून गावकऱ्यांची करमणूक ऊन ही आहे. घर भाड्याने बघताना पाणी किती वेळ येते हे मी विचारण्याआधीच घरमालकिणीने “धूप पूरी आती है” असे ठणकावून सांगितले, तेव्हा ती खोलीचा सर्वांत मोठा गुण सांगत होती, हे मला जानेवारी उजाडल्यावर समजले. शहर २,२०० मीटरच्या आसपास उंचीवर असल्यामुळे एकाच घराच्या पुढच्या अंगणात लोक स्वेटर काढून बसतात आणि मागच्या अंगणात बादलीतल्या पाण्यावर पापुद्रा धरलेला असतो.

हे ऊन खाण्याची सार्वजनिक जागा म्हणजे रिज. शहराच्या माथ्यावरचे हे लांबट पटांगण वरून नुसते फरसबंदी मैदान दिसते, पण त्याच्या पोटात ब्रिटिशांच्या काळात बांधलेला सुमारे १० लाख गॅलनचा पाण्याचा साठा आहे, त्यामुळे हिवाळ्यात अर्धे सिमला आपल्याच पिण्याच्या पाण्यावर बसून शेकत असते. एका टोकाला १८५७ सालचे पिवळसर क्राइस्ट चर्च, दुसऱ्या टोकाला स्कँडल पॉइंट, आणि मधल्या बाकांवर निवृत्त कारकून, विणकाम करणाऱ्या बायका, पाठ उन्हाला देऊन वर्तमानपत्रात तोंड घातलेले वकील. साताऱ्यात हिवाळ्याची सुट्टी म्हणजे नाताळचे चार-सहा दिवस, पण इथल्या शाळांची मोठी सुट्टीच ऐन थंडीत असते, म्हणून जानेवारीत पोरांचा नुसता उच्छाद असतो. खायला भुईमुगाच्या शेंगा, गजक, रेवडी आणि तिखटमीठ लावलेले किन्नू, म्हणजे तिकडची संत्री. आमच्या शेजारच्या अम्माजी रोहडूकडच्या होत्या. सफरचंदाची बाग बर्फाखाली गेली, की त्या मुलाकडे सिमल्याला उतरायच्या. त्यांनी मला बाकावर बसण्याचे शास्त्र शिकवले. उन्हाकडे तोंड करून पाहुणे बसतात, घरचा माणूस पाठ करून बसतो. सावली सरकू लागली, की एक एक माणूस गप्पा न तोडता, शेंगांच्या पुडीसकट पुढच्या बाकावर सरकतो. चारच्या सुमारास सगळी मंडळी मैदानाच्या उरल्यासुरल्या पिवळ्या पट्ट्यात दाटीवाटीने उभी असतात आणि तो पट्टा विझला, की सिनेमा सुटावा तशी पाच मिनिटांत पांगतात.

पांगतात म्हणजे घरी जात नाहीत, मॉल रोडवर जातात. तिथे गाड्यांना मज्जाव असल्यामुळे रस्त्याच्या मधोमध चालण्याचे, आपल्याकडे फक्त गणपतीच्या मिरवणुकीत मिळणारे सुख तिथे रोज मिळते. लोक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातात आणि परत येतात, खरेदी बहुधा करतच नाहीत. एकाच संध्याकाळी एकच माणूस तीनदा भेटतो. पहिल्यांदा हात मिळवायचा, दुसऱ्यांदा मान हलवायची आणि तिसऱ्यांदा दुकानाच्या काचेत बघायचे, हा तिथला अलिखित शिष्टाचार अंगवळणी पडायला मला एक अख्खा हिवाळा लागला.

जाखूच्या टेकडीवर मात्र आम्ही फारसे गेलो नाही. देवदारांतून वर चढणारी वाट सुंदर आहे, वरचा १०८ फुटी हनुमान तर खालच्या शहरातूनही दिसतो, पण पहिल्याच भेटीत यांचा चष्मा एका माकडाने पळवला आणि फुटाण्यांच्या पुडीच्या बदल्यात परत केला. काचेवर ओरखडा तेवढा राहिला. त्यानंतर हनुमंताला आम्ही रिजवरूनच नमस्कार करत असू.

खरी मजा लक्कड बाजाराच्या खालच्या अंगाला असलेल्या स्केटिंग रिंकची. इथे यंत्राने गोठवलेला बर्फ नसतो. १९२० साली ब्लेसिंग्टन नावाच्या एका साहेबाने टेनिसच्या मैदानावर पाणी सोडून ते रात्रीच्या थंडीत गोठू दिले आणि त्यातून हा प्रकार सुरू झाला, असे सांगतात. पद्धत अजून तीच आहे. ऊन ढळल्यावर माणसे नळीने मैदानावर पाण्याचा पातळ थर देतात, तो गोठला की त्यावर दुसरा, आणि असे थर चढत चढत काचेसारखी लादी तयार होते. डोंगराच्या कुशीतल्या या खोलगट जागेला हिवाळ्यातले ऊन जेमतेम शिवते, म्हणून ती टिकते. जी सावली रिजवर सगळ्यांना नकोशी असते, तिच्याच जिवावर इथला खेळ चालतो.

त्यातली गंमत अशी, की या बर्फाचा वैरी म्हणजे आकाशातून पडणारा बर्फ. रात्र निरभ्र असली, तर जमिनीतली ऊब सरळ वर निघून जाते आणि पाणी दगडासारखे धरते, पण ढग आले, की ते गोधडीसारखे शहरावर पसरतात, ऊब अडते आणि सकाळी लादीच्या जागी नुसता लगदा सापडतो. वर हिमवर्षाव झालाच, तर आधी तो खरवडून काढायचा आणि मग पुन्हा पहिल्या थरापासून सुरुवात. त्यामुळे डिसेंबरच्या अखेरीस सिमल्यात दोन प्रार्थना एकाच वेळी चाललेल्या असतात. हॉटेलातले पाहुणे खिडकीशी उभे राहून बर्फ पडू दे म्हणतात, आणि खाली रिंकवरची पोरे आकाश मोकळे राहू दे म्हणतात. देव कोणाचे ऐकतो कोण जाणे, अलीकडे मात्र तो दोघांचेही फारसे ऐकत नाही. जुने स्केटर पूर्वीच्या हंगामांच्या आठवणी सांगताना कापलेल्या देवदारांकडे आणि भोवती उठलेल्या इमारतींकडे हात करतात.

दुसऱ्या हिवाळ्यात, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, मी भाड्याचे स्केट पायात चढवले. आपल्या पायांखाली एकेक सुरी उभी आहे आणि त्या दोन सुऱ्यांचे आपसात पटत नाही, अशी ती भावना असते. सकाळची वेळ होती, ऊन अजून वरच्या छपरांवरच होते आणि लादीवरून ‘खर्रर्र’ असा, विळीवर कैरी किसल्यासारखा आवाज येत होता. सात-आठ वर्षांची एक चिमुरडी मागे हात बांधून, देवळात प्रदक्षिणा घालावी इतक्या सहजतेने माझ्याभोवती फिरली आणि म्हणाली, “आंटी, नीचे मत देखो, गिर जाओगे.” मी खाली पाहिले. पुढचा आठवडाभर मी रिजवर उभ्यानेच ऊन खाल्ले, आणि अम्माजींनी बाकावरची शेजारची जागा मोठ्या आग्रहाने मला देऊ करण्याची एकही संधी सोडली नाही.

बर्फ पडतो त्या दिवशी शहर दोन तुकड्यांत फाटते. रिजवर पाहुण्यांचा जल्लोष असतो, आणि त्यात “अगं, मफलर नीट गुंडाळ” अशी एखादी ओळखीची हाक हमखास कानावर पडते, मागोमाग चिवड्याच्या डब्याचे झाकण उघडते. त्याच वेळी उतारावरच्या घरांत नळ गोठलेले असतात, दूधवाला आलेला नसतो आणि गृहिणी पायऱ्यांवर चुलीतली राख टाकत असतात. पाहुणे चकचकीत गमबूट भाड्याने घेऊन घसरतात. सिमलेकर आपल्या रोजच्या बुटांवरून जुने लोकरी मोजे चढवतो आणि ऑफिसला जातो. बुटावरून मोजा ही उलटी रीत पहिल्यांदा पाहून मला हसू आवरले नव्हते, पण ती लोकर बर्फाला अशी काही धरते, की तिसऱ्या हिवाळ्यात यांचे मोजे मी स्वतः बुटांवरून ओढून द्यायला लागले.

संध्याकाळी कुठे जायचे, या प्रश्नाचे उत्तर मराठी माणसाला गेइटी थिएटरच्या रूपाने आयतेच मिळते. हेन्री आयर्विन या वास्तुविशारदाने बांधलेले हे गॉथिक धाटणीचे नाट्यगृह ३० मे १८८७ रोजी उघडले आणि लेखक किपलिंगपासून स्काउटवाल्या बेडन-पॉवेलपर्यंत अनेक साहेबांनी इथे हौसेने तोंडाला रंग लावला. आत घोड्याच्या नालेच्या आकाराची छोटीशी बैठक आहे, तिच्यामुळे नटाची पापणी लवलेलीही दिसते. इथे डिसेंबरात पाहिलेल्या एका हौशी हिंदी नाटकाचे कथानक मी विसरले आहे, टाळ्या मात्र विसरलेले नाही. प्रेक्षक कोट, टोप्या आणि हातमोजे घालून बसलेले, त्यामुळे प्रत्येक रंगलेल्या प्रसंगाला टाळ्यांऐवजी उशा झटकल्यासारखा ‘फद फद’ आवाज येई. नायकाला बिचाऱ्याला वाटले, नाटक पडले. शेवटच्या प्रवेशानंतर पहिल्या रांगेतल्या एका वृद्ध गृहस्थांनी सावकाश, बोट बोट करत दोन्ही हातमोजे काढले, मांडीवर ठेवले आणि उघड्या हातांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचे पाहून सगळ्यांनी काढले. एवढी सन्मानाची टाळी मी बालगंधर्व रंगमंदिरातही ऐकलेली नाही.

रविवारचा आमचा ठरलेला फेरफटका म्हणजे चौडा मैदानावरून पूर्वीच्या व्हाइसरॉयच्या वाड्यापर्यंत. हा वाडाही आयर्विनचाच, १८८८ सालचा. आता तिथे उच्च अध्ययन संस्था आहे. ज्या टेकडीवर तो उभा आहे, तिच्या एका उतारावरचे पाणी सतलजमार्गे अरबी समुद्राला आणि दुसऱ्या उतारावरचे यमुनेमार्गे बंगालच्या उपसागराला जाते, हे कळल्यावर मला एकदम माहेरी आल्यासारखे झाले. आमच्या महाबळेश्वरला कृष्णा आणि सावित्री एका डोंगरावरून निघून असाच वेगवेगळा समुद्र गाठतात. तिथून उतरत समर हिल स्टेशनवर यायचे आणि १९०३ पासून कालक्याहून चढत येणाऱ्या त्या छोट्या गाडीने एकच स्टेशन प्रवास करून सिमल्याला परतायचे. घरी पोचलो, की अम्माजींच्या हातचे सिड्डू तयार असायचे. अक्रोड आणि खसखशीचे सारण भरलेला, वाफेवर फुगलेला, गव्हाच्या आंबवलेल्या पिठाचा तो गोळा मधोमध फोडून त्यात तुपाची धार सोडायची. मी त्यांना उकडीच्या मोदकाबद्दल सांगितले तेव्हा त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मीठा? इतनी मेहनत करके मीठा?”

साताऱ्याला परतून आता दोन वर्षे झाली. गेल्या डिसेंबरात सकाळी मी गच्चीवर खुर्ची नेली, पाठ उन्हाला दिली, शेंगांची पुडी सोडली आणि डोळे मिटून बसले. दहा मिनिटांत आईने जिन्यातून हाक मारली, “अगं, सावलीत ये, घाम येईल.” आलाच होता. मी खुर्ची सरकवली, पण सावलीच्या बाजूला नाही.