सावलीची भरपाई

आमच्या गेममध्ये एक माणूस भिंतीला पाठ लावून उभा आहे. त्याला तिथून हलवायचं की नाही, यावर टीममध्ये अजून एकमत झालेलं नाही. क्यूएच्या, म्हणजे गेममधल्या चुका शोधणाऱ्यांच्या, यादीत तो 'गंभीर' या शिक्क्याखाली पडून आहे. माझं मत वेगळं आहे, आणि ते नीट मांडता यावं म्हणून हे लिहायला घेतलंय.

मी गेमसाठी कथा आणि संवाद लिहिते. सध्याचा गेम मध्ययुगीन वळणाच्या काल्पनिक दुनियेतला आहे. त्यात ड्रॅगन आहेत, जादू आहे, आणि माझ्या वाट्याला आलाय तो गावोगाव फिरणाऱ्या वादकांचा जथा. फिडल वाजवणारा म्हातारा, एका हाताने तीन भोकांची बासरी आणि दुसऱ्याने छोटा ढोल वाजवणारी त्याची सून, कसरती करणारी एक मुलगी, आणि सामान वाहणारा पोरगा. खेळाडू काही काळ त्यांच्यासोबत फिरतो.

बाहेरच्यांना वाटतं, मी गोष्ट लिहीत असेन. गोष्ट थोडीच असते, बाकी सगळे तक्ते. खेळाडूने होय म्हटलं तर काय, नाही म्हटलं तर काय, मध्येच उठून मासे पकडायला गेला तर काय. प्रत्येक पात्र सतत कुठल्या तरी स्थितीत असतं आणि त्या स्थितीतून बाहेर पडायची वाट कुणीतरी लिहून ठेवावी लागते. सगळ्यात जास्त ओळी लिहिल्या जातात त्या खेळाडू काहीच करत नसेल त्या वेळेसाठी.

अशा दुनियेतल्या वादकाचं एक ठरलेलं चित्र आहे. रंगीबेरंगी कपडे, खांद्याला ल्यूट, गुत्त्यात पाऊल टाकलं की टाळ्या, फुकटची दारू आणि नाण्यांचा पाऊस. मला ते नको होतं. ज्या काळाचे कपडे आणि किल्ले आपण उचलतो, त्या काळातल्या वादकाचं जगणंही थोडं तरी उचलावं, एवढंच माझं म्हणणं होतं.

म्हाताऱ्याच्या फिडलवर आम्ही जीव तोडून काम केलं. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये लिहिणाऱ्या जेरोम ऑफ मोराव्हिया या धर्मगुरूने पाच तारांच्या व्हिएलसाठी, म्हणजे त्या काळच्या फिडलसाठी, सूर लावायच्या तीन पद्धती दिल्या आहेत. त्यातल्या एकीत एक तार बोटं ठेवायच्या पट्टीच्या बाहेरून जाते. ती बोटाने दाबायची नसते, तिचा अखंड सूर बाकीच्या तारांखाली धरून ठेवायचा. रेकॉर्डिंगला आलेल्या वादकाकडे तसं वाद्य होतं, तारा आतड्याच्या. एसी चालू केला की सूर सरकायचा, बंद केला की पुन्हा सरकायचा. साउंडवाला वैतागला होता, मला मात्र आनंद झाला, कारण तेच आम्ही गेममध्ये घेतलं. पाऊस पडून गेला की म्हातारा वाजवायच्या आधी खुंट्या पिळत बसतो, आणि खेळाडूला थांबावं लागतं.

गजाच्या हालचालीवरून तर मी महिनाभर भांडले. गेममध्ये वादकाच्या हाताची सहसा एकच हालचाल बनवतात आणि ती सगळ्या गाण्यांना लावतात. गज फिरतोय पण सूर थांबलेला, हात थांबलेला तरी तान सुरू. ज्याने आयुष्यात एकदा तरी वाद्य हातात धरलंय त्याला हे खुपतं. ॲनिमेशनचा लीड म्हणाला, कोण बघतंय? हे वाक्य आमच्या धंद्यात फार बोललं जातं आणि ते बोलणाऱ्याचं काम मला कधीच आवडलेलं नाही. शेवटी म्हाताऱ्याच्या प्रत्येक गाण्याला त्याची त्याची हालचाल मिळाली.

आता मूळ मुद्दा. त्या काळच्या युरोपात वादकाची किंमत तो काय वाजवतो यापेक्षा कुणाचा डगला घालतो यावर ठरायची. १३०६ साली इंग्लंडच्या राजाने, पहिल्या एडवर्डने, वेस्टमिन्स्टरला मुलाला आणि इतर शेकडो तरुणांना नाइट केलं. त्या मेजवानीत वादकांना दिलेल्या पैशांची यादी आजही उपलब्ध आहे. काहींना तर त्यात 'राजा' म्हटलंय, म्हणजे वादकांचा राजा. अंगावर मोठ्या घराण्याचा डगला असला की मान, पैसा, संरक्षण. १४६९ मध्ये चौथ्या एडवर्डच्या दरबारी वादकांनी तक्रार केली होती की शेतकरी आणि कारागीर राजाचे वादक असल्याचं सोंग घेऊन, तसले डगले घालून पैसे उकळत फिरतात. डगल्याची किंमत किती असेल, याचा अंदाज यावरून येतो.

आणि ज्याच्या अंगावर डगला नाही त्याचं काय? १२२० ते १२३५ च्या दरम्यान आइके फॉन रेपगोने सॅक्सन प्रदेशाचा रूढ कायदा लिहून काढला, त्या ग्रंथाला 'सॅक्सनश्पीगेल' म्हणतात. कुणाला इजा झाली तर कुठल्या दर्जाच्या माणसाला किती भरपाई, हे त्यात सांगितलंय. भाडोत्री लढवय्यांना मिळते उन्हात धरलेल्या ढालीची चमक. वादकांना मिळते माणसाची सावली. पुढे 'श्वाबेनश्पीगेल' या दक्षिण जर्मन कायदेग्रंथात ते कसं द्यायचं हेही आलं. अपराध्याने ऊन पडलेल्या भिंतीसमोर उभं राहायचं आणि वादकाने भिंतीवरच्या त्याच्या सावलीच्या मानेवर फटका मारायचा. झाली भरपाई.

हे वाचल्यावर मला दुसरं काही लिहिणं शक्यच नव्हतं. आमच्या कथेत एका गावात सरदाराचा नोकर म्हाताऱ्याचा हात मोडतो आणि फिडल फोडतो. खेळाडू प्रकरण न्यायाधीशाकडे नेतो. न्यायाधीश म्हाताऱ्याला सावली देतो. म्हाताऱ्याचा हात गळ्यात, म्हणून फटका खेळाडूने मारायचा. दुसरी एक लपलेली वाटही आहे: खेळाडूने एखाद्या सरदाराचा डगला चोरून म्हाताऱ्याला घातला, तर तोच न्यायाधीश नोकराच्या धन्याला खरी नाणी मोजायला लावतो. ही वाट १४६९ च्या त्या तक्रारीवरून सुचली.

प्रोड्यूसरला प्रसंग पटला नव्हता. "खेळाडू पाऊण तास राबतो आणि त्याला मिळतं काय, तर सावली? बक्षीस कुठंय?" बक्षीस नाही, हाच प्रसंग आहे, असं मी म्हटलं. टेस्टमध्ये बघू, यावर मिटलं.

प्लेटेस्टचा, म्हणजे बाहेरच्यांना गेम खेळायला देऊन बघण्याचा, एक कडक नियम आहे. टेस्टर एका खोलीत, आपण दुसऱ्या खोलीत त्याचा पडदा बघत बसायचं, आणि तो कितीही अडला तरी तोंड उघडायचं नाही. सकाळी आलेल्यांपैकी एकाने सावलीला फटका मारला, काही पडलं नाही म्हणून पुन्हा मारला, मग जवळच्या पिंपांची झडती घेतली. एकाने सावली सोडून सरळ नोकरावरच तलवार काढली आणि पहारेकऱ्यांच्या हातून मेला. एकाने न्यायाधीशाचं बोलणंच वगळलं. प्रोड्यूसर काही बोलत नव्हता, वहीत लिहीत होता.

दुपारी एक कॉलेजातली मुलगी आली. न्यायाधीशाचा निकाल तिने शेवटपर्यंत ऐकला. पडद्यावर 'सावलीला मारा' असं आलं, ते मोठ्याने वाचलं आणि कंट्रोलर मांडीवर ठेवला.

आम्हाला वाटलं, अडली. पण ती बघत होती. आमच्या प्रोग्रामरने ती सावली खऱ्या सूर्यावर बांधली होती, भिंतीवर रंगवून टाकली नव्हती. गेममधला दिवस पुढे जाईल तशी ती भिंतीवरून सरकते. आधी नोकराच्या खांद्याशी होती, मग तिरपी झाली, मग कोपऱ्यापर्यंत लांबली. म्हातारा शेजारी उभा. एरवी खेळाडू गप्प बसला की तो फिडल काढतो, पण फिडल फुटलेलं, त्यामुळे यादीतली पुढची गोष्ट सुरू झाली आणि तो गुणगुणायला लागला. सूर्य मावळला. सावली गेली आणि तिच्याबरोबर 'मारा' ही सूचनाही गेली. न्यायाधीश त्याच्या वेळापत्रकाप्रमाणे उठून घरी गेला. पहारा बदलला. नोकर मात्र तसाच. त्याची स्थिती 'शिक्षा सुरू', आणि त्यातून बाहेर पडायची एकच वाट लिहिलेली: फटका बसणं. न मारता कुणी रात्र काढेल, हा रकाना आमच्या तक्त्यातच नव्हता.

तिने कॅमेरा नोकराच्या चेहऱ्याजवळ नेला, थोडा वेळ बघितलं. उजाडल्यावर सावली परत आली, सूचनाही आली. तिने मारलं नाही. जथ्याला घेऊन वेशीबाहेर पडली. पुढच्या गावातलं काम उरकून मुद्दाम मागे फिरली, चौकात आली, म्हणाली, "आहे अजून," आणि निघून गेली.

टेस्ट संपल्यावर आम्ही ठरलेले प्रश्न विचारतो. चौकात तुला काय करायचं होतं, असं मी विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, मारलं असतं तर तो घरी गेला असता ना? आजोबांचा हात बरा होईपर्यंत ते वाजवू शकणार नाहीत. मग यानेच का घरी जायचं?"

माझ्याकडे पुढचा प्रश्न नव्हता. म्हणजे कागदावर होता, तो मी विचारला नाही.

संध्याकाळी क्यूएच्या मुलाने नोंद टाकली: पात्र अडकतं, मुख्य कथा थांबते. तो आमच्यातला सगळ्यात कसून काम करणारा माणूस आहे आणि त्याचं चूक नाही. हाच नोकर पुढे किल्ल्याचा मागचा दरवाजा उघडतो. तो चौकात उभा राहिला तर दरवाजा बंद आणि गेम तिथेच संपला. प्रोड्यूसर म्हणाला, सोपं आहे, सूर्य मावळला की सोडून द्या. दोन ओळींचा कोड.

मी त्याला म्हटलं, दरवाजा दुसऱ्या कुणाकडून तरी उघडून घेऊ, मोलकरणीचं पात्र आहेच, पण याला सोडू नको. सूर्यास्ताला तो सुटणार असेल तर भरपाई घेतली काय आणि नाकारली काय, सारखंच. तिने ती नाकारली होती. फटका मारणं म्हणजे पावती देणं आहे, भरपाई पोचली, तंटा मिटला. आमच्या टीममध्ये एवढ्या लोकांनी तो प्रसंग वाचला, तपासला, त्यावर शेरे मारले, आणि पावती न देण्याचा विचार कुणाच्या मनात आला नाही. लोकांना फक्त लूट आणि मारामारी हवी असते, असं मीटिंगमध्ये ठासून सांगणाऱ्यांनी त्या मुलीचं रेकॉर्डिंग पूर्ण बघावं, असं मला फार वाटतं.

मात्र माझ्याच बाजूला एक काटा आहे आणि तो मला सोडत नाही. सॅक्सनश्पीगेलच्या त्याच कलमात वादकांच्या जोडीला आणखी एक गट येतो: स्वतःला दुसऱ्याच्या दास्यात देऊन टाकणारे. त्यांनाही भरपाई म्हणून सावलीच. आमचा नोकर तसाच आहे. कर्जापायी सरदाराच्या घरी राहिलेला, असं मीच त्याच्या पात्राच्या कागदावर लिहिलंय. त्याने हात मोडला तो धन्याच्या हुकमावरून. उद्या त्याचा हात कुणी मोडला तर त्यालाही कुणाची तरी सावलीच मिळेल. आणि तो चौकात उभा असताना धनी वाड्यात जेवतोय, त्या पात्राची तर रोजच्या जेवणाची हालचालही आम्ही नीट बनवली आहे. मुलीला यातलं काही माहीत नव्हतं, कारण हे कागदावर होतं, गेममध्ये नव्हतं.

म्हणून मी नोकरासाठी रात्रीच्या दोन ओळी लिहिल्या. न मारता अंधार पडला की तो म्हणतो, "मारा ना एकदा. पहाटे घोडे सोडायचेत, नाही सोडले तर धनी मला सोडणार नाही." आवाज देणाऱ्या कलाकाराचं काम कधीच संपलं होतं, त्याला पुन्हा बोलावणं खर्चाचं होतं, आणि प्रोड्यूसरने तो खर्च मंजूर केला. हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

ओळी वाचून तो मला म्हणाला, "अगं, आता लोक दया येऊन मारतील. न्यायाधीशाला हवं होतं तेच होईल, आणि खेळाडूला वाटेल आपण भलं केलं. चालेल तुला?"

यावर मी अजून उत्तर दिलेलं नाही. पुढच्या बिल्डमध्ये, म्हणजे गेमच्या पुढच्या आवृत्तीत, ओळी आहेत, सूर्यास्ताची सुटका नाही, दरवाजा मोलकरीण उघडते. त्या मुलीला पुन्हा बोलावता येत नाही, एकदा खेळलेला टेस्टर त्याच प्रसंगासाठी चालत नाही. नवे येतील. चौकानंतरच्या प्रश्नांमध्ये मी एक वाढवलाय: मारलं असेल तर कुणासाठी मारलं?